दोन बोटं सैल

"अहो जाऊबाई, हे काय केलंत? घाना फुगलाय!"

धाकट्या जावेनं बेतायच्या टेबलावरचा खाकी कागदाचा नकाशा उचलून उजेडात धरला. थोरलीनं तो धाकटीच्याच पुस्तकातून गिरवला होता आणि रोज झगे कापणाऱ्या हातानं कापला होता. हाताची सवय हातालाच. देशाच्या चारी बाजूंनी तिनं बोटभर माया सोडली होती, शिलाईत धरायला.

"मग? कमी पडलं तर कुठून आणशील?"

"देश कमी पडत नाही, जाऊबाई. खाली समुद्र आहे."

"असू दे. भरतीला उपयोगी पडेल."

धाकटी हसली, पण तिनं पट्टी घेऊन ती माया मोजलीच. मातीचे नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळेत ती काम करायची. मोजल्याशिवाय तिला घास गिळवत नसे, असं घरात सगळे म्हणायचे.

दोघींच्या घानाच्या सहलीचा बेत तिनं कागदाच्या पट्ट्यांवर लिहून आणला होता. एक दिवस म्हणजे एक पट्टी. त्या तिनं थोरलीच्या टाचण्यांनी एकाखाली एक टाचल्या होत्या. झाडांच्या शेंड्यांमधून टांगलेले दोरांचे पूल. हत्तींच्या मागावर पायी भटकंती. उत्तरेकडची मातीची जुनी मशीद. धबधबा. बाजार. विणकरांचं गाव. पट्ट्यांच्या मधे नख शिरायलाही जागा नव्हती.

सहल ठरवून देणाऱ्या माणसाचा फोन संध्याकाळी येणार होता. हो की नाही, ते आज सांगायचं होतं. थोरलीचं 'हो' कधीचं जिभेवर येऊन बसलं होतं, पुढे सरकत नव्हतं.

तिला विणकरांचं गाव बघायचं होतं. तिथे चार बोटं रुंदीच्या पट्ट्या विणतात आणि कडेला कड लावून जोडतात, तेव्हा कुठे अंगभर कापड होतं. नक्षी एका पट्टीतून दुसरीत जाते म्हणे, आणि जोड दिसत नाही. तिला तो जोड दिसला तरी चालणार होतं, न दिसला तरी चालणार होतं. बोटांनी चाचपायचा मात्र होता. तिनं चष्मा पुढे ओढून पट्टीवर ते गाव शोधलं.

"पाऊण तास?"

"लगेच निघालो तरच पुढचा धबधबा उजेडात गाठतो."

थोरलीनं सगळ्या पट्ट्यांवरून तळहात फिरवला, गिऱ्हाइकानं आणलेल्या कापडावरून फिरवायची तसा.

"फार अंगाबरोबर बेतलंयस."

"म्हणजे?"

"उभं राहिलं तर छान दिसेल. बसलं की उसवेल."

एवढ्यात थोरलीचा दीर, म्हणजे धाकटीचा नवरा, चहाचे कप घेऊन आला. त्यानं टेबलाकडे बघितलं, मग बायकोकडे.

"वहिनी, विमा उतरवलात ना? हत्तींमुळे नाही हो, हिच्याबरोबर जाताय म्हणून विचारतो."

"भाऊजी, चहात साखर घाला. बोलण्यात आपोआप येईल."

तो हसत आत गेला. थोरलीनं कप घेतला, प्यायली मात्र नाही.

"तो पूल हलतो का गं?"

"हलणारच. दोरांचा आहे."

"मग मी मधेच उभी राहीन. मला ठाऊक आहे माझं. हलायचा थांबेपर्यंत पाऊल उचलणार नाही. आणि मी थांबले की तुझा हत्ती चुकणार, मशीद चुकणार, सगळंच घसरत जाणार. तुझं एवढं बसवलेलं माझ्यापायी उसवायला नको. त्यापेक्षा तू जा, मला फोटो दाखव."

अखेर जिभेवरून उत्तर खाली उतरलं होतं, पण ते 'हो' नव्हतं.

धाकटीनं एक टाचणी काढून तोंडात धरली, थोरली धरते तशी. मग दुसरी.

"टाचण्या तोंडात घालू नकोस."

"तुम्ही घालता."

"माझं तोंड शिकलेलं आहे."

धाकटीनं टाचण्या मुकाट्यानं डबीत टाकल्या. "मी हे तुमच्यासाठीच ठासून भरलं, जाऊबाई. पुन्हा जाणं होईल न होईल. तुमचं काही बघायचं राहून जाऊ नये म्हणून."

"अगं, राहिलं तर राहिलं. काहीतरी राहायला हवंच की."

धाकटीनं धबधब्याची पट्टी उचलून बाजूला ठेवली. जरा थांबून बाजाराचीही ठेवली; ठेवताना तिचा चेहरा दाढ उपटल्यासारखा झाला. खाकी कागदाच्या कोऱ्या पट्ट्या कापून तिनं एक पुलाखाली टाचली आणि एक विणकरांच्या गावाखाली. सवयीनं पेनाचं टोपण निघालं.

"इथे काय लिहू?"

"काही नको."

पेन कोऱ्या पट्टीवर जरा वेळ घुटमळलं. मग टोपण लागलं.

आत फोन वाजला. "वहिनी, तोच आहे," दिराचा आवाज आला. "काय सांगू?"

"दोघी येतोय म्हणावं," थोरलीनं जागेवरूनच सांगितलं.

थोरलीनं गळ्यातला टेप काढून धाकटीच्या हातात दिला आणि हात वर करून उभी राहिली. आख्ख्या गल्लीची मापं घेतलेल्या बाईचं माप आजवर कोणी घेतलं नव्हतं. स्वतःचे कपडे ती अंदाजानं कापायची.

"पॅन्ट शिवते. झग्यावर काय पूल चढू? घे कमरेचं."

धाकटी वाकली. टेप ताणून, आकड्यावर नजर अगदी सरळ रेषेत आणून बघू लागली.

"अगं, जीव घेशील. आत बोटं घाल, मग वाच."

"किती बोटं?"

"दोन," थोरली म्हणाली. "एक चालायला, एक थांबायला."