शुक्रवारचं पुस्तक

मावशीच्या पुस्तकांच्या दुकानात एक नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ: प्रकाशनाच्या दिवसाआधी नवं खोकं फोडायचं नाही. ड्रॅगनमालिकेच्या प्रत्येक भागाच्या वेळी भाचीनं लाडीगोडी लावली, रुसून पाहिलं, मावशी ढिम्म. आज मात्र आजारी भाचीच्या डॉक्टरांनी मावशीला एकटीला बाजूला घेतल्यावर तिनं दुकानात जाऊन स्वतःच चिकटपट्टी ओरबाडली आणि शेवटचा भाग घेऊन परत हॉस्पिटल गाठलं. "घे गं, भवाने!" भाचीचा सुकलेला चेहरा फुलला. मुखपृष्ठावरून बोट फिरवता फिरवता ती थबकली. "आज मंगळवार. हे शुक्रवारी येणार होतं." "लवकर आलं." "मावशी, तुला धड खोटंही बोलता येत नाही. शुक्रवार मला दिसायचा नाही, म्हणाले ना डॉक्टर?" मावशी चष्मा पुसत राहिली. भाचीनं सरकून पलंगावर जागा केली. "बस, वाचून दाखव. आईलाही हेच सांग, लवकर आलं म्हणून. तिला खरं वाटेल."