ताटलीवरची रेघ

लग्नं जुळवणाऱ्या कुंदाताईंनी काचेची ताटली उजेडात धरली आणि पुन्हा टीपॉयवर ठेवली. माणसांच्या छातीत बुरशी राहायला आल्यापासून पत्रिका कुणी बघत नव्हतं. मुलाने आणि मुलीने ताटलीच्या दोन कडांवर फुंकर मारायची आणि चहा होईपर्यंत थांबायचं. दोन्हीकडून पांढरे धागे वाढत येत. घराणी वेगळी असली तर मधोमध काळी रेघ उभी राही आणि लग्न ठरे. रेघ नसली तर घराणं एकच, म्हणजे भाऊबहीण.

आज रेघ नव्हती.

"असं कसं होईल?" शाल्मलीची आई म्हणाली. "आम्ही छत्रीवाले, हे शिंपलेवाले. मानेवरच्या अळंबीवरून कुणीही सांगेल."

कुंदाताईंनी नवी ताटली काढली. या वेळी त्यांनी खोलीतल्या सगळ्यांना फुंकर मारायला लावली, स्वतःही मारली. धागे वाढले, एकमेकांत शिरले आणि ताटलीवर सायीसारखा एकच पांढरा थर धरला.

"गेल्या आठवड्यापर्यंत रेघा येत होत्या," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

शाल्मलीने तिला बघायला आलेल्या निषादकडे पाहिलं. आल्यापासून तो एक शब्द बोलला नव्हता. आता आईला सांगूनच टाकावं, म्हणून तिने मनात वाक्य जुळवलं आणि तोंड उघडलं.

"आई, मला हा मुलगा पसंत नाही," निषाद म्हणाला.

"बरं," खोलीतले सगळे एकदम म्हणाले, शाल्मलीसुद्धा.