मराठीत रडायची सोय

“परदेशात घर घेणं म्हणजे या मातीला आयुष्यभराचा शब्द देणं!” गणपतीच्या आरतीनंतर निशिकांतने सगळ्या मंडळाला ऐकवलं होतं. पुढच्याच आठवड्यात कंपनीने त्याचं पद रद्द केलं आणि बँकेने कर्ज.

आता तो जुरोंग ईस्टच्या त्याच कॉन्डोत, घ्यायच्या ठरलेल्या फ्लॅटमध्ये, सोफ्याच्या कडेवर बसला होता. घर धरून ठेवायला त्याने घरमालक केतकरकाकांना ऑप्शनचे पंधरा हजार डॉलर दिले होते. घेणाऱ्याने माघार घेतली की ते विकणाऱ्याचे. कागदावर तसं स्वच्छ लिहिलं होतं. विकणारा दुसरा कुणी असता तर निशिकांत आलाच नसता. पण बायको नीता म्हणाली, आपल्या माणसापुढे निदान मराठीत रडता येतं.

काका बाहेर जायच्या कपड्यांत होते. तरी निवांत टेकले.

“काका, तेवढीच शिल्लक होती हो. ती गेली तर गाशा गुंडाळून पुण्याला.”

“नियम ठाऊक आहे ना, निशिकांतराव?”

“नियमाने नाही, माणूस म्हणून मागतोय.” त्याचा आवाज खरोखरच कापरा झाला. “आमची इरा रोज विचारते, बाबा, माझी खोली कुठली? काय सांगू तिला?”

काका पुढे सरकले. “हे परत एकदा सांगा बरं.”

निशिकांतने सांगितलं. या खेपेला इराचं वय दोन वर्षांनी कमी केलं. काकांनी चष्मा पुसला. काकूंना आतून बोलावून ऐकायला बसवलं. काकूंनी नाक ओढलं.

निशिकांतला महिन्यात पहिल्यांदाच बरं वाटलं.

“ठरले होते पंधरा हजार,” काका म्हणाले. “तुम्ही शकुनाचा वर एक डॉलर दिलात. तो कागदात नाही, म्हणजे तुमचाच.” त्यांनी नाणं टीपॉयवर ठेवलं.

“आणि बाकीचे?”

“तुमच्या भरवशावर त्याच दिवशी पुंगोलच्या एका घराच्या ऑप्शनला भरले. तुम्ही हटलात, आता मलाही हटावं लागतंय. तिकडेच निघालो होतो. मालक आपल्या मंडळातलेच आहेत. त्यांनी परत दिले, तर तुमचे.”

काका उठले. दाराशी चपला चढवताना घुटमळले.

“आमची पोरं चाळिशीला आली हो. तुमची इरा आजच्यापुरती माझी नात म्हणून सांगू का?”