घाई नाही

“घाई नाही हो, अगदी सावकाश करा,” असं म्हणत भाऊंनी रायफल टेबलावर ठेवली.

काशीरामला याचं नवल वाटलं. साकीनाक्याच्या त्याच्या गाळ्यात बंदूक दुरुस्तीला आणणारा प्रत्येक जण कालच हवी होती अशा थाटात यायचा. भाऊ बोरीवलीहून आले होते. पंच्याहत्तरी उलटलेली, पाठ मात्र ताठ. रायफल त्यांच्या नेमबाजी क्लबातल्या उमेदीच्या दिवसांतली, एका वेळी एकच काडतूस घेणारी. तिचं चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, थोडं मोठं कोरून हवं होतं. त्यात जास्त दारूचं काडतूस बसतं आणि गोळी अधिक वेगाने जाते. असलं काडतूस दुकानात मिळत नाही, हौशी माणसं ते स्वतः भरतात. या वयात हे कशाला, असं काशीरामच्या ओठांवर आलं होतं. पण हौसेला मोल नसतं.

भाऊ रिक्षा बघायला बाहेर गेले, तेव्हा त्यांचा मुलगा देवव्रत मागे थांबला. चाळिशीतला माणूस, दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला.

“काका, चेंबर मोठं झालं की घरातली जुनी काडतुसं चालणार नाहीत ना?”

“चालतात की! जुनं काडतूस नव्या चेंबरमध्ये उडवलं की त्याची पितळेची पुंगळी फुगते, नव्या मापाची होते. तीच परत भरायची. नवं काडतूस तयार होतं ते असंच.”

देवव्रतने भाऊ बाहेरच आहेत ना, हे वळून पाहिलं. मग खालच्या आवाजात म्हणाला, “मार्चमध्ये आमच्या घरातलं माणूस गेलं. तेव्हापासून भाऊ नीट झोपत नाहीत. काडतुसांच्या कपाटाची किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात घालून हॉलमध्ये बसून असतात. विचारलं तर काही बोलत नाहीत.”

काशीरामला पुढचं सांगावं लागलं नाही. त्याची मालन गेली तेव्हा त्याने स्वतः होऊन गाळ्याच्या चाव्या बहिणीकडे दिल्या होत्या. बायको गेलेल्या माणसाला दुपार कशी खायला उठते, हे त्याला ठाऊक होतं.

“राहू दे माझ्याकडे,” तो म्हणाला. “मी वेळ लावीन. तू नको काळजी करू.”

आणि त्याने खरंच वेळ लावला. कधी चेंबर कोरायचं रीमर मिळत नाही म्हणाला, कधी वीज गेली म्हणाला, कधी गावी जाऊन येतो म्हणाला आणि मालवणला न जाता गाळ्यातच बसून राहिला. भाऊ अधूनमधून येत, कटिंग चहा घेत आणि रायफलीचं नावही काढत नसत.

“दिवाळी झाली तरी चालेल,” एकदा ते म्हणाले.

“दिवाळीच! घाई कित्याक?” काशीराम हसला. म्हातारा सावरतोय, असं वाटून त्याला मनापासून बरं वाटलं. जाताना भाऊंचा हात मात्र सारखा गळ्यातल्या किल्लीकडे जायचा. ते बघून काशीरामचा जीव पुन्हा खालीवर व्हायचा.

शेवटी हात शिवशिवले म्हणून त्याने काम पुरं केलं. चेंबर इतकं सुबक उतरलं की आपणच आपली पाठ थोपटावी. रायफल पुन्हा जोडून त्याने कापडात गुंडाळली आणि चष्म्याचं घर शर्टाच्या खिशात टाकलं. चष्मा नाकावरच होता.

दोन दिवसांनी सकाळी देवव्रत एकटाच आला. दाढी केलेली, शर्टाला कडक इस्त्री. हातात भाऊंचा परवाना.

“भाऊंना ताप आहे, काका. पण आता पुष्कळ बरे आहेत, हसतात-बोलतात. रायफल बघितली तर आणखी खूश होतील.”

परवाना ज्याच्या नावावर, त्याच्याच हातात बंदूक द्यायची, हा काशीरामचा नेम. तो घुटमळला. देवव्रतच्या चेहऱ्यावर कधी नव्हे ती शांतता होती. पोराच्या डोक्यावरचं ओझं उतरलंय, तर आपण कशाला आडवं यावं? त्याने खिसा चाचपला आणि गुंडाळी पुढे केली.

निघताना देवव्रतने वाकून त्याच्या पायांना हात लावला. काशीराम पार संकोचून गेला.

दुपारी दारात भाऊ उभे राहिले. तापाचा मागमूस नव्हता.

“काशीराम, एक विनंती होती. रायफल अजून दोन-तीन महिने ठेवाल का? काहीतरी कारण सांगा.”

“अहो, ती देवव्रत घेऊन गेला सकाळीच! परवाना आणला होता त्याने. म्हणाला, तुम्हाला ताप...”

भाऊंनी टेबलाची कड घट्ट धरली. दुसरा हात गळ्याकडे गेला. दोऱ्यात किल्ली नव्हती.

“आंघोळीला जाताना काढली होती,” ते पुटपुटले. “काडतुसं कपाटातच आहेत.” त्यांनी फोन लावला. देवव्रतचा फोन बंद होता.

“भाऊ, पण तो तर तुमच्याच काळजीने...”

“माझ्या?” भाऊंचा आवाज फाटला. “माझी बायको जाऊन वीस वर्षं झाली हो! मार्चमध्ये मृणालिनी गेली, माझी सून. हा गॅलरीत जाऊन उभा राहायचा. रायफल घराबाहेर काढायला निमित्त हवं म्हणून मी हे चेंबरचं खूळ काढलं. तुम्हाला खरं सांगायला जीभ रेटली नाही.”

काशीरामने खिशातलं चष्म्याचं घर काढलं आणि टेबलावर उपडं केलं. भाऊंच्या काळजीपोटी काढून ठेवलेली फायरिंग पिन, जिच्यावाचून रायफल म्हणजे नुसती काठी, टणकन टेबलावर पडली.