वेशीवरची किल्ली

"पोट आत घे, शिट्टी," मागून मिशीवाला पुटपुटला. "फौज निघाली."

वाहतूक शाखेच्या हवालदारबाईंनी मान हलवली नाही. राजधानीच्या जुन्या वेशीखाली त्या एकट्या उभ्या होत्या. कमरेला पिस्तूल नाही, हातात काठी नाही. मिशीवाला सशस्त्र शाखेचा. बाईंसारखाच कडक इस्त्रीचा गणवेश घालून तो तीन पावलं मागे उभा होता, राखीव म्हणून. बाईंना चक्कर आली किंवा त्या शब्द विसरल्या, तर पुढे होऊन किल्ली त्यानं घ्यायची. महिनाभर तो याच आशेवर होता, आणि तसं तोंडावर सांगतही होता.

पूर्वी या शहरावर पहारा फौजेचाच असे. मग एका सकाळी तीस बिनहत्यारी माणसं वेशीत येऊन उभी राहिली आणि फौजेनं किल्ली त्यांच्या हवाली केली. तेच शहराचे पहिले पोलीस. त्या किल्लीनं उघडेल असं कुलूप आता कुठेच उरलेलं नाही, पण दरवर्षी त्याच तारखेला फौज वेशीवर येते आणि पोलिसांच्या हाती किल्ली देते. ती घेण्याचा मान सशस्त्र शाखेनं आजवर सोडला नव्हता. यंदा कवायतीच्या उस्तादांनी हट्टाला पेटून तो वाहतूक शाखेला मिळवून दिला होता.

"चुकलात तर पुन्हा आपल्या शाखेला कोणी दारात उभं करणार नाही," ते बाईंना म्हणाले होते. "आणि मला घरात."

सगळं मोजून ठेवलेलं होतं. पन्नास जवान, संगिनी लावलेल्या बंदुका, मिनिटाला एकशे वीस पावलं. बाईंपासून दोन पावलांवर तुकडी थांबणार, बाई सॅल्यूट करणार, कॅप्टन किल्ली देणार.

डावीकडून बँड वाजत होता. रस्त्याच्या रुंदीभर पसरलेली तुकडी सरळ अंगावर येत होती. चाळीस पावलं. तीस. बाई मनात आकडे उलटे मोजत होत्या. वीस झाली आणि त्यांचा उजवा हात वर गेला. कपाळाशी नाही. डोक्याच्याही वर, ताठ, तळवा समोर.

सात वर्षं शहरातल्या सगळ्यात मोठ्या चौकात काढल्यावर समोरून काही भलंमोठं आलं की हात असाच जातो. मेंदूला विचारायला थांबत नाही.

कॅप्टनही याच शहरात रोज गाडी चालवत असावा.

"तुकडी, थम."

पन्नास बूट एकदम आपटले. बँडमास्तरनं ते पाहून काठी खाली घेतली आणि बँडही गप्प झाला.

"झालं," मागून आवाज आला. "फौजेचं चलान फाडलं बाईनं."

बाईंचे कान तापले. हात झटकन खाली घेतला असता तर चूक उघडी पडली असती. त्यांनी तो सावकाश खाली आणला आणि वाटेत कपाळाशी थांबवून सॅल्यूट केला. जणू हे असंच ठरलेलं होतं. गर्दीच्या कडेला उस्तादांनी डोळे मिटून घेतले होते.

मधे वीस पावलांचा रिकामा रस्ता होता. पोलिसानं जागा सोडायची नाही, फौजेनं त्याच्यापर्यंत यायचं, हा या रिवाजाचा कणा. पण तुकडी तर थांबवलेली. कॅप्टननं एकदा मागे पाहिलं, तलवार म्यानात घातली, आणि पन्नास संगिनी मागे ठेवून तो एकटाच चालत आला. त्याच्या बुटांखेरीज कशाचा आवाज नव्हता. आजवर कोणी असं एकट्यानं किल्ली घेऊन आलं नव्हतं.

"लायसन्स दाखवू?" ओठ न हलवता त्यानं विचारलं.

"माफ करा, साहेब. सवय."

"मागच्या महिन्यात माझ्या बायकोला अडवलंत, तेव्हा नाही माफी मागितली."

"सिग्नल तोडला असेल त्यांनी."

कॅप्टनच्या गालाचा एक स्नायू हलला. मग तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "वेशीत कोण आहे?"

"शहराचे पहारेकरी."

"हत्यार?"

"नाही."

"शहर तुमच्या हवाली."

वीतभर लांबीची लोखंडी किल्ली बाईंच्या डाव्या हातात आली. वाटली होती त्याहून जड होती.

कॅप्टन परत जाऊन तुकडीपुढे उभा राहिला. आता त्यानं हुकूम द्यायचा आणि तुकडीनं वेशीतून पलीकडे जायचं. तो हुकूम देईना. पाच सेकंद गेले, दहा गेले. गर्दीत चुळबुळ सुरू झाली. बाईंनी नीट पाहिलं. कॅप्टन त्यांच्याच हाताकडे बघत होता.

मग त्यांच्या लक्षात आलं. चौकात नव्यानं येणाऱ्या मुलींना पहिल्या दिवशी त्या स्वतःच शिकवत: जिनं गाड्या थांबवल्या तिनंच त्या सोडायच्या, दुसऱ्या कोणी मधे हात घालायचा नाही.

बाई एक पाऊल बाजूला झाल्या. उजवा हात पूर्ण लांब केला आणि कोपरातून वळवून छातीशी आणला, रोज हजार वेळा करत तसा. पन्नास बूट एकदम उचलले गेले. त्यांच्या खांद्यापासून हातभर अंतरावरून संगिनी एकेक रांग करत वेशीतून जाऊ लागल्या, आणि कडेला उस्ताद पापणी न हलवता रांगा मोजत राहिले.

"बाई," मागून मिशीवाला हळूच म्हणाला, "बँड राहिला."

डावीकडे बँडमास्तर काठी छातीशी धरून त्यांच्याकडे टक लावून उभा होता. बाईंनी किल्लीसकट हात त्याच्याकडे केला, आणि ढोल वाजला.