चपळ चिप

जावयाने गिटारच्या तारेला हातही लावला नव्हता, तरी स्पीकरमधून एक अनोळखी माणूस बोलू लागला.

"...आणि चेंडू थेट सीमारेषेकडे!"

जावयाने कपाळावर हात मारला. वीज गेली होती, म्हणून तो बॅटरीवरचा छोटा स्पीकर घेऊन खिडकीशी बसला होता. पुढ्यात गिऱ्हाइकाचं पेडल, म्हणजे गिटारचा आवाज बदलणारी, पायाने दाबायची डबी. तिच्यातली जुनी आठ पायांची चिप काढून त्याने नुकतीच नवी, भारीतली बसवली होती. जुनी बिचारी मठ्ठ होती. गिटारपलीकडे तिला काही ऐकूच येत नसे. नवी मात्र भलतीच चपळ निघाली. वायरींमध्ये भटकत आलेला रेडिओसुद्धा तिने पकडला. घरातले दिवे-पंखे बंद असल्यामुळे खरखरही नव्हती. गिटारऐवजी क्रिकेट, तेही स्वच्छ!

त्याचं डोकं आधीच ठिकाणावर नव्हतं. सकाळी बायकोने बजावलं होतं, "उद्यापासून आठवडाभर मी कामासाठी बाहेरगावी. घरात तू आणि बाबा. काय खुणांनी बोलणार आहात?"

सासरे आणि जावई एकाच घरात राहत, पण दोघांमधून विस्तव जात नव्हता. लग्न ठरताना सासरे म्हणाले होते, "डब्या दुरुस्त करून कुठे संसार होतो?" जावई बोलून गेला होता, "तुमचा ऑफिसात जांभया देऊन झाला, तर माझा यानेही होईल." तेव्हापासून अबोला. समोरासमोर जेवायला बसत, मिठाची बरणी दोघांच्या मधोमध असे, तरी सासरे लेकीला म्हणत, "त्यांना सांग, मीठ द्या म्हणावं." ती वैतागून म्हणे, "मी माणूस आहे की टपालखातं?"

जावयाने चिमटा उचलला. नवी चिप उपटायची, जुनी बसवायची, विषय संपला.

"अहो, थांबा!"

दारात सासरे उभे होते. टीव्ही बंद पडल्यापासून ते बाहेर येरझारा घालत होते. आपण कोणाशी बोललो, हे त्यांच्या जरा उशिराच लक्षात आलं. ते खाकरले. जावयाने इकडेतिकडे पाहिलं. टपालखातं बाजारात गेलं होतं.

"शेवटच्या ओव्हर्स आहेत," सासरे भिंतीला म्हणाले.

जावयाने चिमटा खाली ठेवला. नेमका तेव्हाच आवाज विरत गेला. सासऱ्यांचा चेहरा एवढासा झाला. ते परत फिरणार, तोच जावयाने गिटारच्या तारांवर हात ठेवून पाहिला. अंगाचीच अँटेना झाली आणि आवाज पुन्हा खणखणीत आला. तो क्षणभर घुटमळला. मग त्याने हात काढून घेतला.

"माझ्या हाताने नीट येत नाही," तो धडधडीत खोटं बोलला. "तुम्ही धरून बघता का, बाबा?"

सासऱ्यांनी एकदा गिटारकडे पाहिलं, एकदा जावयाकडे. मग ते आत आले, स्टुलावर टेकले आणि तान्हं मूल घ्यावं तशी त्यांनी गिटार मांडीवर घेतली. दहाही बोटं तारांवर दाबून धरली.

"सोडू नका हं."

"सोडतोय कशाला! तुम्ही तेवढा आवाज वाढवा. बॅटिंगला कोण आहे?"

"तुमचा तो लाडका. जाणार बघा आता."

"शुभ बोला हो!"

बायको पिशव्या घेऊन आली, तेव्हा दोघं गुडघ्याला गुडघा लावून स्पीकरवर ओणवले होते. पिशव्या तिच्या हातातच राहिल्या.

"बाबा! गिटार? आणि तुम्ही दोघं चक्क बोलताय?"

सासऱ्यांनी मान वर केली नाही. हात तारांवर अडकलेले, म्हणून त्यांनी जावयाला कोपराने ढोसलं.

"जावईबापू, तिला सांगा, जरा गप्प बस म्हणावं."