फेरेटची उंच पेटी

“ही बुटकी आहे,” म्हणत क्लिफर्ड हेब्डननं सातवी पेटी खाली ठेवली.

विनी ऑक्रॉइडचा रंधा थांबला. चाळीस वर्षं ती या शेडमध्ये फेरेटच्या पेट्या बनवत होती. फेरेट म्हणजे मुंगसासारखं लांबट, पांढुरकं पाळीव जनावर. त्याला सशांच्या बिळात सोडायचं, ससे दुसऱ्या तोंडातून पळतात, तिथं जाळं लावून ठेवायचं. खोऱ्यातले सगळे ससेवाले विनीच्याच पेट्या खांद्याला लावून हिंडत. पेट्यांबद्दल तिनं बऱ्याच तक्रारी ऐकल्या होत्या, पण ही पहिल्यांदाच.

“फेरेटला लांबी लागते, उंची नाही. डोक्यावर एवढी जागा दिलीस तर त्याला वाटेल चर्चमध्ये आणून बसवलंय.”

“माझ्याकडचा एक उठून बसतो.”

“कशाला?”

“सवय.”

विनीनं त्याच्याकडे पाहिलं. चेहरा सरळ होता, पण टोपी हातात गोल गोल फिरत होती. तो घाबरलाय हे तिला कळलं. का, तेही माहीत होतं, कारण खोऱ्यात सगळ्यांनाच माहीत होतं. गारसाइडबाईंच्या टेकडीवरचे ससे पकडायचं काम आणि टेकडीखालचं दोन खोल्यांचं घर त्याला एकत्रच मिळालेलं. काम गेलं की घर गेलं. आणि उद्या सकाळी बाई नव्या कारभाऱ्याला घेऊन स्वतः काम बघायला येणार होत्या. क्लिफर्डच्या बायकोनं, म्युरिएलनं, सोमवारपासून पडदे धुवायचं टाळलं होतं. पुढच्या भाडेकरूचे पडदे मी का धुऊ, म्हणाली.

तेव्हा विनीनं चेष्टा आवरली आणि काय काय हवं ते विचारलं.

दोन कप्पे हवेत, तो म्हणाला. दोन्हींना वेगळी झाकणं. मधली फळी अखंड, भोक नको, फटही नको. आतल्यांचं एकमेकांशी पटत नाही का, असं तिनं विचारलं. अजिबात नाही, एकाच्या नुसत्या वासानं दुसऱ्यांना कापरं भरतं. विनीनं समजून मान हलवली. नर मस्तीला आले की असं होतंच. तिच्या दोन दिरांनाही नाताळात वेगवेगळ्या खोल्यांत जेवायला वाढावं लागे.

शिवाय पाय आपटल्याचा आवाज बाहेर येऊ नये म्हणून तळाला जाड घोंगडी. हवेची भोकं पुष्कळ, पण बारीक. बाहेरून आतलं काही दिसता कामा नये. ही मागणी मात्र तिला पसंत पडली. अंधारात जनावर शांत राहतं, हे हल्लीच्या पोरांना सांगून पटत नाही, असं ती म्हणाली.

संध्याकाळपर्यंत तिनं एक पेटी वर चार बोटं वाढवून दिली.

“कुणी विचारलं तर माझं नाव सांगू नकोस,” ती म्हणाली. “म्हातारीला मापं दिसेनाशी झाली म्हणतील.”

सकाळी गवतावर पांढरं दव गोठलं होतं. गारसाइडबाई मेलेल्या नवऱ्याचा कोट घालून फाटकापाशी उभ्या होत्या. शेजारी कारभारी पर्सी लंब. त्याचे बूट इतके नवे होते की तो चिखल टाळून उभा होता. तीन आठवड्यांपूर्वीच तो शहरातून आला होता. त्यानं आधी क्लिफर्डकडे पाहिलं, मग पेटीकडे.

“जड दिसतेय.”

“खाऊनपिऊन सुखी आहेत, साहेब.”

“किती?”

“तीन. डावीकडे एक, उजवीकडे दोन.”

लंबनं उजव्या झाकणाच्या कडीला हात घातला.

दुसऱ्याच्या फेरेटच्या पेटीला या खोऱ्यात कुणी हात लावत नाही. पण लंबला ते कोण सांगणार? कडी अर्धी सरकली. क्लिफर्डनं आपला डावा अंगठा त्याच्या नाकासमोर धरला. अंगठ्याला नख नव्हतं.

“आणि मला तर ते ओळखतात,” तो म्हणाला.

लंबनं कडी परत लावली आणि दोन्ही हात खिशात घातले.

बाई मग हळू आवाजात बोलल्या. क्लिफर्डच्या कामाबद्दल त्यांची काहीच तक्रार नव्हती. उलट काम फारच चोख झालं होतं. तीन आठवड्यांत लंबला टेकडीवर एकही ससा दिसला नव्हता, सशाची लेंडीसुद्धा नाही.

“ससेच उरले नसतील, क्लिफर्ड, तर ससेवाल्याला घर देऊन मी काय करू?”

आहेत, बाई, असं तो म्हणाला. खोल आहेत. मग त्यानं दोघांना फाटकापाशीच थांबायला सांगितलं. बोलायचं नाही, पाय आपटायचे नाहीत. वर पावलं वाजली की ससा बिळातून हलत नाही. हे बाईंना लहानपणीच वडिलांनी शिकवलं होतं. लंबला खोकला आला तेव्हा त्यांनीच त्याला कोपरानं ढोसलं.

क्लिफर्ड एकटा चढून गेला. बिळाला पाच तोंडं होती. चार तोंडांवर त्यानं जाळी पसरली, खुंट्या ठोकल्या. गार बोटांनी एक खुंटी दोनदा निसटली. मग पाचव्या तोंडापाशी, फाटकाकडे पाठ करून, तो गुडघ्यांवर बसला आणि पेटी पोटाशी ओढून घेतली.

त्यानं आधी उजवं झाकण उघडलं, मंगळवारी मेहुण्याच्या शेतात धरलेले दोन ससे मानगुटीला धरून बाहेर काढले, एकामागून एक बिळात सारले, आणि मग डावं झाकण उघडून त्यांच्यामागे फेरेट सोडला.